हत्तीला हात लावायचा नाही

समुद्र फक्त दोघांनाच वश होतो, खलाशांना आणि मला. हे मी जहाजाच्या शिडीवर उभं राहून, व्याही आणि विहीणबाईंच्या देखत जाहीर केलं आणि लगेच पायरी चुकलो. व्याह्यांनी मला वरच्यावर झेललं.

विहीणबाई म्हणाल्या, "इथे शेवटच्या दिवशी जोडप्यांच्या नाचाची स्पर्धा असते म्हणे. तुम्ही आपले बसूनच बघा हं."

झालं! त्या एका 'हं'ने आमच्या हिने मनातल्या मनात पदर खोचला. सामान केबिनमध्ये पोहोचायच्या आत बक्षीस आमचं ठरलं होतं.

जहाज कसलं, तरंगतं गावच ते! नाटकगृह, तलाव, घसरगुंड्या; एक जेवण आटपून हात धुवायला उठावं तर दुसऱ्याची रांग लागलेली. आमची केबिन मात्र काड्यापेटीएवढी होती, आणि ती आवरणारा माणूस निघाला कलावंत. पहिल्याच संध्याकाळी पलंगावर हंस! टॉवेलचा, मान वळवून ऐटीत बसलेला. मी अंघोळीला निघालो होतो, म्हणून त्याची मानगूट धरली.

"अहो, सोडा त्याला! इतका जीव ओतून केलाय त्याने. मोडवतो कसा तुम्हाला?"

मी खिशातल्या रुमालाने अंग पुसलं. माझ्या अंगाचा विस्तार पाहता हे काम टप्प्याटप्प्यानेच झालं.

दुसऱ्या दिवशी हत्ती आला, मग ससा. आपली कला कोणीतरी जपतंय हे पाहून त्या माणसाला असं स्फुरण चढलं, की पाय पुसायच्या टॉवेलचंही त्याने कासव केलं. शेवटी मी त्याला बाहेर गाठलं.

"दादा, एक जास्तीचा टॉवेल मिळेल का?"

"साहेब, तुम्ही नुसतं सांगायचं!" त्याचे डोळे भरून आले. मी जेवून येतो तो हँगरला माकड लटकत होतं.

पलंग प्राण्यांचा झाला. आम्ही कडेला अंग चोरून झोपू लागलो. मी कूस बदलली की शेजारून दटावणी यायची, "सशाचा कान!"

स्पर्धेच्या संध्याकाळी मी अंघोळ आटपून रुमालाला हात घातला, तर रुमाल जागेवर नाही. नाचताना कोटाच्या खिशातून दिसायला हवा म्हणून हिने तो इस्त्री करून ठेवला होता. मी न्हाणीघराचं दार किलकिलं केलं.

"अगं, हत्ती दे."

"हत्ती मिळणार नाही."

"मग ससा?"

"त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणा."

"निदान चादर तरी!"

"चादरीवर सगळे बसलेत."

तेवढ्यात केबिनच्या दारावर थाप पडली. बाहेर विहीणबाई. "येताय ना? तुमचं नाव पुकारताहेत. की राहू दे म्हणून सांगू?"

हिने दाराकडे पाहिलं, मग हत्तीकडे. हात पुढे गेला, सोंडेवरून फिरला आणि मागे आला.

"तसाच चढवा कोट," ही म्हणाली. "नाचताना वाळाल."

सदरा पाठीला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला होता आणि बुटांत प्रत्येक पावलाला एक बेडूक बोलत होता. पहिल्याच गिरकीला मी घसरलो, हिने मला धरलं, आणि आम्ही दोघं सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सरसरत गेलो की टाळ्यांचा कडकडाट झाला! आमच्या मागोमाग व्याही-विहीणबाई आले ते आमच्या ओल्या वाटेवरून थेट वाजंत्र्यांत शिरले. पुढचा नाच त्यांनी ढोलाशेजारी बसूनच बघितला.

पहिलं बक्षीस आमचं! विहीणबाईंनीही टाळ्या वाजवल्या, दात आवळून. खुद्द कॅप्टन चांदीचं तबक घेऊन आले. तबकात मानेला मान लावलेले दोन हंस होते. जहाजाचं चिन्ह भरलेल्या, जाडजूड, कोरड्या ठणठणीत टॉवेलांचे. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावायचा नाही," ही हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाली.

कॅप्टननी माझ्यापुढे माइक धरला. "दोन शब्द बोला." समुद्र कसा जिंकावा यावर माझं भाषण तयारच होतं. पाठीवरून एक थेंब ओघळला.

"कॅप्टनसाहेब," मी म्हणालो, "तुमच्याकडे एखादा जुना टॉवेल असला तर द्याल का? फाटका चालेल. फक्त त्याला तोंड नको."