रंगराव सरकारांची मोटार वारंवार बसते, त्या प्रकरणाची बखर

श्रीगजाननास नमन असो. या प्रकरणी त्यांजकडे कांही दोष नाही, हे आरंभीच लिहोन ठेवितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौषमासी, थंडी बहुत पडली असता, एका राज्यी रंगराव सरकार नांदत होते. त्यांचे पदरी एक मोटार, मोटारीवर सारथी मल्लाप्पा, परमुलखीचा, इमानी, सांगावे तैसे अक्षरशः करणारा. आणि सर्वांवर हुकमत मातुश्री आईसाहेबांची. आईसाहेबांच्या वडील भगिनी अक्कासाहेब सरहद्दीपलीकडील गावी अंथरुणास खिळल्या आणि त्यांनी सांगोन पाठविले की, "धाकटे, एकदा तोंड दाखवून जा. मग माझं काही मागणं नाही." ते ऐकोन आईसाहेबांचे डोळां पाणी आले आणि त्यांनी स्वारीचा हुकूम केला.

मग दशम्या बांधिल्या, आईसाहेब मागील गादीवर विराजमान जाहल्या, आणि मल्लाप्पाने किल्ली फिरविली तो मोटार 'टक्' म्हणोन स्वस्थ राहिली. सरकारांनी बॉनेट उघडिले, आणि आपणांस कांही कळत नाही हे कोणास कळो नये म्हणोन बराच वेळ आत पाहात राहिले. मग बॅटरीवाले हरकशेट पाचारिले. ते म्हणाले, "सरकार, हिच्यात जीव नाही. नवी घाला." नवी घातली, मोटार गर्जली, परंतु तोवर दुपार टळली आणि अवेळी निघणे आईसाहेबांस मान्य नाही. भाड्याची मोटार आणितो म्हटले, तर म्हणाल्या, "परक्या गाडीत मला मळमळतं." पुन्हा मुहूर्त पाहिला, पुन्हा दशम्या बांधिल्या, आणि पुन्हा 'टक्'.

मग वायरिंगचे काम करणारा इलाही मिस्त्री आला आणि म्हणाला, "बॅटरी एक नंबर आहे. आल्टरनेटर चार्जच देत नाय तिला." आल्टरनेटर नवा बसविला, आणि चार दिवस जाताच मोटार फिरोन आडवी जाहली. मग हरकशेट मिस्त्रीस बोल लावी आणि मिस्त्री हरकशेटास, आणि दोघे मिळोन थंडीस. मीटर लावोन पाहावे तो बॅटरी उत्तम, आल्टरनेटर उत्तम, वीज कोठे गळत नाही. सरकारांचे मस्तक फिरले. गरजोन म्हणाले, "सगळं उत्तम, तर रोज सकाळी मरतं कोण? मी?"

येथे एक गोष्ट सांगणे जरूर. मोटारीत स्टिअरिंगपुढे गजाननाची मूर्ती, आणि मूर्तीपुढे विजेची समई. किल्ली फिरविण्यापूर्वी देवापुढे उजेड पाहिजे, ऐसा आईसाहेबांचा दंडक, म्हणोन समईची तार थेट बॅटरीस जोडिली होती. आणि मोटार दुरुस्तीस निघाली की देवास तेलकट हात लागतील, म्हणोन आईसाहेब मूर्ती समईसुद्धा उतरवोन घरात ठेवीत, आणि मोटार चालती होताच पुन्हा जाग्यावर बसवीत. सबब मिस्त्री तपासी तेव्हां समई नसे, आणि सकाळी पाहावे तो बॅटरीसवे समईही गार. कोणास संशय यावा कोठोन?

इतक्यात वर्तमान आले की अक्कासाहेबांनी अन्न टाकिले. सरकार हवालदिल जाहले. आज आपण स्वतः मोटारीवर नजर ठेवणार, ऐसे म्हणोन सांजेस गॅरेजाचे कोपऱ्यात स्टूल टाकोन बसले. मल्लाप्पाने मोटार आत लाविली, आणि आईसाहेब ओसरीवरोन म्हणाल्या, "मल्लाप्पा, दिवा वाढव रे, आणि ये जेवायला." मल्लाप्पा "जी" म्हणाला, समईचा कान, म्हणजे बटण, पिळोन उजेड होता नव्हता तितका मोठा केला, देवास हात जोडिले, मोटारीस कुलूप घातले, आणि शटर ओढावयास निघाला.

सरकार स्टुलावरोन उठले ते तसेच उभे राहिले. आईसाहेबांचे घराण्यात अशुभ शब्द उच्चारीत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवीत नाहीत, वाढवितात. हे सरकारांस पाळण्यापासोन ठाऊक, पण मल्लाप्पास कोण सांगणार?

"अरे, आईसाहेब तुला रोज दिवा बंद करायला सांगतायत!"

"बंद कुठं म्हणाल्या, साहेब? वाढव म्हणाल्या, मी वाढवलो. मागच्या महिन्यात मनात म्हटलं, अजून किती वाढवू, म्हणून समईत ब्रेकलाइटचा बल्ब घातलो. आता आणि वाढवायला जागाच नाही की."

आईसाहेब धावत आल्या. "अगं बाई, मी रोज सांगतेय आणि हा रोज...!"

"आई, साधं 'बंद कर' म्हणायला काय होतं?"

"देवाच्या दिव्याला बंद कर म्हणू? काय बोलतोस!"

सरकारांनी कपाळास हात लाविला, आणि स्वहस्ते समईचा कान फिरवोन दिवा वाढविला.

दुसरे दिवशी मोटार पहिल्याच किल्लीस चालती जाहली. आईसाहेब हर्षभरे म्हणाल्या, "मल्लाप्पा, गाडीपुढे नारळ वाढव." मल्लाप्पाने नारळाकडे पाहिले, सरकारांकडे पाहिले, आणि भीत भीत पुसिले, "आणखी एक आणू का?" नारळ सरकारांनीच फोडिला.

सांजेपूर्वी स्वारी पोहोचली. अक्कासाहेब हाडांचा सांगाडा राहिल्या होत्या, परंतु धाकटीचे हातोन दशमीचा तुकडा दुधात कुस्करोन खाल्ला. दोघी रात्र एकाच खाटेवर निजल्या. सकाळी निघते समयी आईसाहेबांनी त्यांचे गालावरोन हात फिरविला आणि म्हणाल्या, "येते गं, अक्का." मग मोटारीत बसोन पदर तोंडास लाविला.

मल्लाप्पाने हळूच पुसिले, "साहेब, आईसाहेब येते म्हणाल्या. कधी आणायचं परत?"

सरकार वैतागोन सांगणार होते की अरे बाबा, येते म्हणजे जाते. परंतु आरशात मातुश्रींचे मुख दिसले. मग म्हणाले, "पुढल्या महिन्यात. लक्षात ठेव."

सारांश, बॅटरी निर्दोष, आल्टरनेटर निर्दोष. जुना आल्टरनेटर धडधाकट माळ्यावर पडला आहे, त्याचा विषय सरकारांपुढे कोणी काढो नये. पुढील मासी स्वारी पुन्हा गेली, तेव्हां अक्कासाहेब उशीस टेकोन बसल्या होत्या, आणि दारात मोटार वाजताच म्हणाल्या, "आली बघा. येते म्हणाली होती."