दोष सामानाचा

नंदुरबारात माझ्या बुडाचं अचूक माप ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आमचे शेजारी उत्तमतात्या शिंपी. हे माप त्यांनी भर अंगणात, माझ्या बायकोदेखत घेतलं. मला पुठ्ठ्यावर बसवलं, उठवलं आणि पुठ्ठ्यात पडलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर टेपने मोजलं. "सर, तुम्हनी बैठक रुंद शे. निमुळती सीट तुम्हले चालत नही," हा निकाल सगळ्या गल्लीने ऐकला.

तात्यांनी शिलाईचं दुकान मुलाच्या हवाली केलं, पण मापं घेणं काही सुटलं नाही. सकाळी कोरीटच्या रस्त्याने सायकलवर रमतगमत फेरी मारायची, हा त्यांचा जुना नेम. सोबतीला रमजानभाई सुतार असत. ते मुलाकडे सुरतेला राहायला गेले, तेव्हापासून तात्या जोडीदार शोधत गल्लीभर फिरतात. लोक सबबी सांगतात. तात्यांना मात्र सबब कळतच नाही, त्यांना तक्रारच ऐकू येते. "दोष माणूसना नही, सामानना शे," म्हणतात आणि पाना घेऊन हजर होतात.

किराणावाले शेठजी म्हणाले, वाकून पाठ भरून येते. संध्याकाळच्या आत त्यांच्या सायकलला सीटपेक्षा उंच हँडल बसलं. शेठजींनी दुसऱ्या दिवसापासून पहाटेची पूजा लांबवली.

मी म्हणालो, सीट टोचते. मी हौसेने आणलेलं गुबगुबीत कव्हर तात्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं. "मऊ गादी पहिले लाड करस, मंग चावस." मग स्प्रिंगची रुंद सीट आली. टाच पॅडलवर टेकवून पाय सरळ होईल, इतकी तिची उंची ठरली. हाताला मुंग्या येतात म्हटलं, तर जाड मुठी आल्या. पँट चेनमध्ये अडकते म्हटलं, तर घोट्याला बांधायची पट्टी त्यांनी स्वतः शिवून आणली, तीही अस्तर लावून.

अशाने माझ्याकडच्या सबबी संपल्या. एका सकाळी तात्या दारात उभे राहिले, तेव्हा मी खरं सांगून टाकलं. "तात्या, सायकल झकास झालीय. पण मला सायकल चालवायला आवडतच नाही. कधीच आवडली नाही."

तात्यांनी माझ्या सीटवरची धूळ उगाच हाताने पुसली. मग स्वतःची सायकल आमच्या भिंतीला टेकवून तिला कुलूप लावलं.

"मंग पायी जाऊत का, सर? बोलत बोलत."

इतके महिने मी या माणसाला चुकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

"कुठपर्यंत, तात्या?" मी चपला घालत विचारलं.

"तुम्हले आवडी तठपर्यंत."