घरगुती वापराचा दवाखाना

चौऱ्याहत्तर साली हिंगोलीतल्या एका गल्लीत सोजराबाईंनी आपलं राहतं घर दातांच्या डॉक्टरला भाड्यानं दिलं आणि गल्लीचं निवासी स्वरूप धोक्यात आलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते समोरच्या मसाजींच्या. मसाजी कोर्टातले निवृत्त नाझर. नियम मोडलेला त्यांना बसल्या जागी कळे. गल्लीत पिठाची गिरणी होती, हळदीचं गोदाम होतं, टोकाला मटक्याचा अड्डा होता. पण त्यांचे मालक तिथंच झोपत, म्हणून ते सगळं निवासी होतं. भिवाजी खिल्लारे मात्र बौद्धवाड्यातला, नागपुरात शिकून आलेला डॉक्टर. त्याचं आडनाव ऐकेपर्यंत कुणाची हरकत नव्हती. ऐकल्यावर सगळ्यांना रोग्यांच्या ओरडण्याचा त्रास होऊ लागला. दवाखाना अजून सुरू व्हायचा होता.

तक्रारीवरून नगरपालिकेच्या कचेरीचे ओव्हरसिअर पाहणीला आले, तोवर दवाखाना सुरू झाला होता.

"इथं चूल पेटते का?"

"स्टो पेटतो साहेब," भिवाजी म्हणाला. "आईचा स्वयंपाक होतो, अन् त्याच्यावरच माझे चिमटे उकळतात."

"म्हणजे वापर घरगुती आहे."

"घरगुती हाय, तर परक्यांचे दात काहून उपटून राहिला?" मसाजींनी विचारलं. "घरात घरच्यांचेच दात काढावेत."

ओव्हरसिअरना मुद्दा बिनतोड वाटला. सदर जागेत फक्त नातेवाइकांवर उपचार करता येतील, असा आदेश निघाला.

दुसऱ्या दिवसापासून आखाडा बाळापूरहून भाचे येऊ लागले. कनेरगाव नाक्याहून एक साडू आला. भिवाजीचं लग्न व्हायचं होतं. मसाजी पुन्हा कचेरीत गेले.

"नात्याला पुरावा काय मागावा?" ओव्हरसिअर खरोखरच अडले होते.

"त्याच्या घरचा चहा," मसाजी म्हणाले. "जो पिईल, तो नातेवाईक."

आपल्या गल्लीतलं कुणी तो चहा पिणार नाही, याची त्यांना खात्री होती. दवाखान्याच्या ओट्यावर शिपाई बसला आणि रोग्यांचं चहापान तपासू लागला.

मग मसाजींची दाढ ठणकू लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल टम्म फुगला. परभणीला जाऊन दाखवावं म्हणून ते एसटीत बसले. पहिल्याच खड्ड्यात डोळ्यांपुढं काजवे चमकले, तसे उतरून चालत परत आले. तिन्हीसांजेला पिशवीत घरचा कप घालून ते सोजराबाईंच्या घराच्या मागल्या दारी उभे राहिले.

शिपाई आता तिथंही बसत होता. शेजारी भिवाजीची आई, चंदाबाई, किटली घेऊन होती.

"कप घरचा हाय," मसाजी पुटपुटले.

"चालंल," शिपाई म्हणाला. "चहा हितला पाहिजे. नातं?"

"चुलता."

"सख्खा का लांबचा?"

मसाजींनी गाल दाबून धरला. "सख्खा."

चंदाबाईंनी चहा ओतला. गोड चहाची कळ थेट मस्तकात गेली, तरी त्यांनी कप रिकामा केला. भिवाजीनं सुई दिली, दाढ काढली, बोळा दाबून ठेवायला सांगितलं. एक शब्द वाकडा बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मसाजींना वाटून गेलं.

निघताना ते कप पिशवीत घालू लागले, तशा चंदाबाई म्हणाल्या, "राहू द्या दादा. उद्या जखम दाखवायला यायचंच हाय. थितं भाईर, फळीवर ठेवा."

"भाईर काहून?" बोळ्यामुळं त्यांचे शब्द जाड झाले होते.

"आत आमचे असतेत. गल्लीवाल्यांचे आमी येगळे ठेवतो. तुमाला तकलीफ नको."

फळीवर कप धुऊन पालथे घातलेले होते. गिरणीवाल्याचा फुलाफुलांचा, गोदामवाल्याचा निळ्या काठाचा, आणि कडेला मसाजींच्याच बायकोचा, पंचफुलाबाईंचा. मसाजींनी आपला त्याच्या शेजारी ठेवला आणि मान खाली घालून घरी गेले.

फळी लांब आहे, जागाही पुष्कळ आहे. आपला कप तिथं जाईपर्यंत, ज्यांची दाढ अजून शाबूत आहे त्या आपण सर्वांनी आपापल्या गल्लीचं निवासी स्वरूप जपायला काही हरकत नाही.