धावपट्टीवरची टिटवी आणि सुखदेवभाऊ

आमच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला सुखदेवभाऊ नाव ठेवतात. दोन्ही अर्थांनी. प्रवाशांचं विमान म्हणजे ‘येष्टी’. हवाई दलाचं सरावाचं विमान म्हणजे ‘पाव्हणा’, कारण ते चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा वर जातं.

“आला अन् गेला. बसत नाही, चहा पेत नाही. याले काय पाव्हणा म्हनाव?”

अमरावतीच्या बाजूचं आमचं हे विमानतळ छोटं. धावपट्टी एकच, तीच प्रवाशांची आणि तीच फौजेची. मी तिकीट तपासायच्या काउंटरवर असतो. सुखदेवभाऊंचं काम पाखरं हाकायचं. विमान यायच्या आधी जीप घेऊन फेरी मारायची, फटाके फोडायचे, डबा वाजवायचा. पण फटाके ते क्वचितच काढतात. आधी बोलून बघतात.

“चला बाई, उठा. येष्टीचा टाइम झाला.”

हे बगळ्यांना. घारींशी मात्र त्यांचं बरं नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये मी स्वतः वाचलंय : ‘बगळे पाच, समज दिली. घार एक, ऐकत नाही.’ मॅनेजरसाहेबांनी ‘फक्त आकडे लिहा’ म्हणून शेरा मारला. दुसऱ्या दिवशीची नोंद : ‘घार एक. आकडा तोच.’

साहेब पुण्याचे. माणूस सज्जन, पण वऱ्हाडी त्यांना अर्धीच कळते. त्याचा परिणाम एप्रिलात दिसला.

धावपट्टीच्या टोकाला, तारेच्या कुंपणाजवळच्या गिट्टीत, टिटवीनं चार अंडी घातली. दहा दिवसांनी हवाई दलाचा मोठा सराव होता. साहेबांनी सुखदेवभाऊंना बोलावून सांगितलं, “ती अंडी तिथून हलवा.”

“हाओ सायब.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “हलवली?”

“हलवून राहिलो.”

साहेबांना वाटलं, हलवून झाली. त्यांनी वर तसं कळवूनही टाकलं. चौथ्या दिवशी सुखदेवभाऊंना आणि मला घेऊन ते स्वतः पाहणीला गेले, तर टिटवी अंड्यांवर बसलेली. ती साहेबांच्या डोक्यावरून अशी ओरडत फिरली की साहेबांची टोपी पडली.

“तुम्ही मला काय सांगितलं होतं?”

“सांगतलं ना सायब, हलवून राहिलो म्हनून. रोज दोन हात सरकवून राहिलो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘हलवून राहिलो’ म्हणजे ‘हलवतोय’, असं मी समजावलं. ते चिडलेच. सरावाच्या दिवशी पक्षी विमानाला धडकला तर जबाबदार कोण? नोकरी जाईल, हेही त्यांनी सुनावलं.

“जाऊ द्या,” सुखदेवभाऊ म्हणाले. “पन सरावाच्या आदी ते तारेपल्याड असन.”

त्यानंतरही रोज सकाळी ते गिट्टीत नवा खळगा करायचे, एकेक अंडं उचलून त्यात ठेवायचे आणि लांब जाऊन उन्हात उभे राहायचे. टिटवी आरडाओरडा करत फिरायची, जुन्या जागेवर जायची, शोधायची, मग दोन हातांवरची अंडी दिसली की बसायची. ती बसली की हे हलायचे. नवव्या दिवशी अंडी तारेच्या पलीकडे, पडीक वावरात गेली. सराव नीट पार पडला. साहेबांनी रजिस्टरवर मुकाट सही केली.

त्या दुपारी आम्ही शेडच्या सावलीत डबा खात होतो. मी विचारलं, “भाऊ, एकदमच काहून नाही उचलली? दहा मिनिटांचं काम होतं.”

“एकदम उचललं तर तिले वळखू येत नाही. सोडून देते.”

“कोणी सांगितलं?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“मायले मी एकदम उचलून आनलं, नांदगावहून. एका दिवसात. सामान टेम्पोत टाकलं, तिले समोर बसवलं. आता दोन वर्सं झाले. चांगला फ्ल्याट हाये, पंखा हाये. रोज परक्याले इचारावं तसं इचारते, बाबू, घरी कवा जाचं?”

“मग?”

“अयतवारी नेतो. घर आता दुसऱ्याचं हाये. पन भले लोक हायेत, ओट्यावर बसू देतात घंटाभर. तिथं बसली का मले बरोबर नावानं हाका मारते.”

“आणि नंतर?”

“नंतर वापस आनतो,” ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.