काडतूस तुलना समिती, बोरशेत

माणसाच्या हाती एक शस्त्र आलं की तो शूर होतो; दोन शस्त्रांतून निवड करायची वेळ आली की विचारवंत होतो. आमच्या बोरशेत गावाने हा दुसरा टप्पा गेल्या आश्विनात गाठला.

कर्जतजवळची दहिवली सोडून डोंगराच्या अंगाला निघालं की बोरशेत लागतं. गावात एकशे बारा उंबरे, चौतीस फार्महाऊस (मालक शनिवारी असतात) आणि एक रायफल. ही रायफल तीनशे पंधरा बोअरची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, चांगो ठोंबरे यांना वडिलांकडून आलेली. शिकार १९७२ पासून बंद असल्यामुळे शिकारीवर अधिकारवाणीने बोलणारी माणसं आमच्याकडे मुबलक आहेत. रायफल शेवटची उडाली २०११ साली. गोळी रानडुकरावर झाडली होती. लागली नळपाणी योजनेच्या टाकीला. तेव्हापासून टाकी त्या भोकापर्यंतच भरते आणि ग्रामपंचायतीच्या कागदांतसुद्धा त्या रेषेला 'चांगो पातळी' म्हणतात.

मी स्वतः सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तेहतीस वर्षांत माझ्या टिपणीवरून कधी काही घडलं, अशी एकही तक्रार नाही. गावात मला भाऊसाहेब म्हणतात.

तर ग्रामसभेत जनीबाई उभ्या राहिल्या. नवरा वारल्यापासून त्या जंगलाला लागून असलेलं दीड एकर भात सून अक्षदाला हाताशी धरून करतात. सभेत बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून मुद्द्याचं बोलल्या.

"चार दिस झाले, डुकरं येतात. भात पिवलं झालंय, अजून दहा-बारा दिसांनी कापनी. तवर काय उरत नाय. चांगोभाऊ, बंदूक घेऊन या. मारू नका पायजे तर. नुसती वाजवा. पन या."

"येतो की! त्यात काय?" चांगोभाऊ म्हणाले. त्यांचं वय एकाहत्तर, मिशी भरघोस.

प्रकरण इथे संपलं असतं. पण चांगोभाऊंचा पुतण्या स्वप्नील उठला. तो खोपोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि रविवारी नेमबाजीच्या क्लबात जातो.

"काका, गोळी कुठची घालणार?"

"हाय ती."

"ती शंभर वर्षांपूर्वीची हाय, काका. बोथट नाकाची, जड, सुस्त. दोनशे मीटरवर जाईपर्यंत हातभर खाली येते. आता साडेसहा मिलिमीटरची आलीय. लांब, निमुळती. वारा असला तरी हलत नाय, खांद्याला दणका कमी. सगलं जग तिकडं गेलंय."

"जग गेलं असंल. डुक्कर बांधावरच येतंय रं! वीस पावलांवर. दोनशे मीटरवर उभं राहून ते काय तुझा रिझल्ट बघनार हाय? जवळून जडच पायजे. धस्सदिशी बसली पायजे."

दोघांचंही बरोबर होतं. गावात एकाचं बरोबर असलं तर भांडण मिटतं. दोघांचं असलं तर समिती नेमावी लागते. ग्रामपंचायत अधिकारी हर्षलाताईंनी ठराव वाचला आणि 'पारंपरिक व आधुनिक काडतूस तुलना समिती' एकमताने स्थापन झाली. सदस्य चांगोभाऊ, स्वप्नील आणि शिळफाट्याला हार्डवेअरचं दुकान असलेले किशोरभाऊ (तटस्थ, कारण ते दोन्हीपैकी काहीच विकत नाहीत). सचिव मी. जनीबाईंना निमंत्रित सदस्य करून घेतलं, मताचा अधिकार सोडून.

पहिल्याच बैठकीत कायदेशीर पेच निघाला. चांगोभाऊंचा परवाना पिकासाठी, स्वप्नीलचा सराव क्लबात. म्हणजे पीक संरक्षणाला निशाण्याचा पुठ्ठा चालत नाही आणि नेमबाजीला डुक्कर चालत नाही. सबब गोळी न उडवता चाचणी घ्यावी, असं ठरलं. दुसरा पेच असा, की आधुनिक काडतूस गावात कुणाकडेच नव्हतं. स्वप्नीलने त्याचं रंगीत चित्र छापून आणलं. चांगोभाऊंनी खऱ्या काडतुसाची डबी आणली. तुलना सुरू झाली.

दहा चाचण्यांपैकी चारांचे निकाल मी इथे जसेच्या तसे देतो.

वजन: पारंपरिक काडतूस, सराफाच्या काट्यावर, सत्तावीस ग्रॅम. आधुनिक (चित्र), पाच ग्रॅम. हलकेपणाचा गुण आधुनिकाला.

गंज: पारंपरिकावर हिरवट डाग. चित्र स्वच्छ. गुण आधुनिकाला.

खांद्याला दणका: किशोरभाऊंच्या उजव्या खांद्यावर चांगोभाऊंनी आठवणीप्रमाणे पारंपरिक दणका मुठीने दिला, तर स्वप्नीलने आधुनिक दणका कागद टेकवून. (किशोरभाऊ तेव्हापासून शटर डाव्या हाताने उघडतात.) गुण आधुनिकाला.

पाणी: दोन्ही बादलीत टाकली. पारंपरिक बुडालं, पण टिकलं. आधुनिक विरघळलं. स्वप्नीलने हरकत घेतल्यावर लॅमिनेशन करून फेरचाचणी झाली, आधुनिक तरंगलंसुद्धा.

सरतेशेवटी सात विरुद्ध तीन. आधुनिक काडतुसाची श्रेष्ठता निर्विवाद सिद्ध झाली. फक्त ते आपल्या रायफलीत बसणार नव्हतं, आणि जे बसत होतं ते श्रेष्ठ नव्हतं.

जनीबाई प्रत्येक बैठकीला येत. दारात बसत आणि रात्रीची हकीगत सांगत. "काल नऊ आली व्हती. बारकी धरली तर वीस." मी 'आवक समाधानकारक' अशी नोंद घेई. तिसऱ्या बैठकीत त्यांचा आवाज चढला.

"गोली कुठची पन घाला रं! नवी घाला, जुनी घाला, मातीची घाला! पन कोन तरी या!"

इतिवृत्तात मी लिहिलं: निमंत्रित सदस्यांनी दोन्ही काडतुसांना समान पाठिंबा दर्शवला.

त्या दिवशी परत येताना ओढ्याच्या मोरीवर चांगोभाऊ थांबले. ऊन चांगलं होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"भाऊसाहेब, ही समिती अजून थोडी लांबवता येईल काय?"

"का हो?"

"मला नाय जमनार." ते ओढ्याकडे बघत बोलत होते. "अकरा साली डुकरीन समोर आली. मागं पिल्लं, एकामागं एक, शालंत चालल्यासारखी. मी नली वर उचलली. वर टाकी व्हती. लोकं म्हनतात, चांगोचा नेम चुकला. म्हनू देत. बा असता तर मला घरात घेतला नसता."

कारकुनाला अशा वेळी फाइल लागते. ती घरी होती. "बघतो," एवढंच म्हणालो. हे मी इतिवृत्तात घेतलं नाही. नोकरीच्या तेहतीस अधिक निवृत्तीच्या पाच वर्षांत मी जाणूनबुजून गाळलेली ही एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नील आला. चहा ढवळत विचारू लागला.

"भाऊसाहेब, नवी गोळी जिंकली तर लोक मलाच जायला सांगतील ना?"

"साहजिक आहे."

"मी आजवर छऱ्याची बंदूक चालवलीय. तीपण कागदावर. कागद धावून येत नाय हो."

तेव्हा मी माझ्या अंगी जी एकमेव कला आहे ती वापरली. समितीला दोन वेळा एकेका दिवसाची मुदतवाढ घेतली आणि अंतिम शिफारस अशी लिहिली, की कुणालाही कुठे जावं लागू नये आणि काम झाल्यासारखं मात्र दिसावं. शिफारस अशी: श्रेष्ठ ठरलेल्या काडतुसाचं वीस बाय दहा फुटांचं चित्र जनीबाईंच्या शेतात, जंगलाकडे तोंड करून उभारावं.

फ्लेक्स सुंदर झाला. मध्ये तिरपं काडतूस, वर 'सावधान', खाली आम्हा चौघांचे फोटो. (फोटोशिवाय फ्लेक्स छापतच नाही, असं छापणारा म्हणाला.) गुरुवारी तो बांबूंवर चढवला. रविवारी सकाळी दहाला उद्घाटन ठरलं.

रविवारी आम्ही नारळ, हार आणि ध्वनिक्षेपक घेऊन बांधावर पोचलो, तर शेत नव्हतं. म्हणजे जमीन होती. भात कापून झालं होतं. जनीबाईंनी कुणाचीच वाट बघितली नव्हती. सून, माहेरच्या चार बाया आणि सहा विळे घेऊन त्यांनी दोन दिवसांत, पिकायला चार दिवस कमी असतानाच, उरलेलं सगळं उभं भात आडवं केलं होतं. बांबू नागडे उभे होते. घाटाकडून आभाळ काळं झालं होतं आणि पहिले थेंब पडत होते. फ्लेक्स भाताच्या ढिगावर अंथरलेला होता. काडतुसाचं टोक आभाळाकडे, कडा उडू नयेत म्हणून माझ्या कपाळावर एक धोंडा.

जनीबाई घामाने निथळत होत्या. रागावल्या नव्हत्या, तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

"जाड हाय चांगला," त्या म्हणाल्या. "अजून एक भेटल काय? त्या कोपऱ्यातले भारे उघडेच हायत."

चांगोभाऊंनी हातातला हार खाली ठेवला, सदरा काढला आणि चिखलात उतरले. एक भारा डोक्यावर घेतला, धापा टाकत आणून फ्लेक्सखाली सारला, पुन्हा वळले. त्यांच्या मागोमाग स्वप्नील, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. काका-पुतणे धावत होते आणि जनीबाई ओरडत होत्या, "ओल्यावर नको रं, हिकडं टाक, हिकडं!" चांगोभाऊंना इतकं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. किशोरभाऊ एका हाताने जमेल तेवढं करत होते. मी नारळ धरून उभा होतो. कुणी तरी धरायला हवाच होता.

अंतिम अहवाल अठ्ठेचाळीस पानी झाला. निष्कर्ष: 'आधुनिक काडतुसाने प्रत्यक्ष शेतावर पिकाचं शंभर टक्के संरक्षण केलं.' (पावसापासून, हे परिशिष्टात आहे.) अहवालाची फार वाहवा झाली. कर्जत आणि खालापुरातल्या एकवीस गावांनी प्रती मागवल्या. सहा गावांत फ्लेक्स लागलेही. मला लोकांचे फोन येतात. चित्राचा कागद किती जाडीचा, लॅमिनेशन कुठून केलं, चित्रात पितळ जास्त दिसावं की तांबं.

आपणही इथपर्यंत वाचलंत, आभारी आहे. जड गोळी बरी की निमुळती, याबद्दल आपलं मत एव्हाना पक्कं झालं असेल. जनीबाईंना शेवटी किती पोती भात झालं, हे मात्र एकवीस गावांनी विचारलं नाही आणि, माझ्या लक्षात आलंय, आपणही नाही. संकोच करू नये. किशोरभाऊंनी खांद्याचं कारण देऊन राजीनामा दिला आहे. समितीत एक जागा रिकामी आहे, आणि आपण तिला अगदी योग्य आहात.