कुराड्यांचा निळा

आमच्या गल्लीत प्रिंटरची शाई दुकानातून आणत नाहीत. ज्या वस्तूत तो रंग असेल तिच्यातून सिरिंजने काढतात, आणि काढला की ती वस्तू पांढरी होते, कायमची.

यात अवघड काही नाही. अवघड आहे ती शिस्त. गल्लीत प्रिंटर एकच, माझा, आणि कार्ट्रिज भरते मीच. चौथीतून शाळा सुटली माझी. हे यंत्र मी स्क्रू काढून काढून शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुकीचं शिकवायलाही कुणी नव्हतं. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर स्टीलची चार ताटं: काळ्याचं, निळ्याचं, गुलाबीचं, पिवळ्याचं. ज्याची सिरिंज त्याच्याच ताटात, तिच्या मानेला त्याच रंगाचा दोरा. एक कार्ट्रिज भरून, भोकावर टेप लावून, पुसून जागेवर बसवल्याशिवाय दुसरी हातात घ्यायची नाही. भरताना बोलायचं नाही. आणि वस्तू धुऊन आणायची. सगळ्यांत कडक नियम हा. मळ शाईत उतरला की प्रिंटरच्या डोक्यातल्या बारीक नळ्या बुजतात, मग गल्लीतली लग्नं, बारशी, शाळेचे तक्ते, सगळं अडून बसतं.

पिवळा आम्ही हळकुंडातून घेतो. गुलाबीला बीट, नाहीतर जुनं लुगडं. काळा तव्याच्या बुडातून यायचा, पण एका लग्नसराईत तवे पुरेनात, तेव्हा बाळू हारुगले आपली म्हैस घेऊन आला. धुऊन आणली होती, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. म्हैस पांढरी झाली. नगरपालिकेचा माणूस तिला गाय म्हणून लिहायला आला. मी म्हटलं, "दूध काढ, फॅट मोज, मग लिही." त्याने मोजलं आणि म्हैस लिहिलं. पुरावा दिला की सरकारी माणूस ऐकतो. ओरडलं तरी ऐकतो. मी दोन्ही करते.

मालन कुराडे माझ्या समोरच्या घरात राहते. तिचा नवरा शिवाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, गेल्या वर्षी वारला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तिला त्याचा मोठा फोटो हवा होता, मोबाइलमध्ये होता तसाच, आकाशी शर्टातला. मी माझ्या मोरीतल्या बादलीचा निळा घेऊन काढून दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"आक्का, ह्यो बादलीचा निळा हाय."

"निळा आहे ना?"

"हाय की. पन माणूस बादली घालून बसल्यागत दिसतंय."

तिचं बरोबर होतं. रंग जिथला असतो तिथलाच राहतो. दुसऱ्या दिवशी ती एक पिशवी घेऊन आली, मागोमाग तिचा दीर दिनकर. मी पिशवी उघडली आणि लगेच मिटली.

"मालन, हा शर्ट धुतलेला नाही."

"न्हाई."

"नियम माहीत आहे ना तुला?"

"हाय म्हाईत. त्यांनी शेवटचा काढून खुंटीला लावला, तसाच हाय. धुवायचा न्हाई."

दिनकर दारातूनच म्हणाला, "वैनी, धुऊन टाका आन इषय मिटवा. पावणे काय शर्ट हुंगाय येनार हायत व्हय?"

मालनने मान वळवली नाही. "भावजी, तुमी गप बसा. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेला गुलाबी कमी पडला तवा ह्यांनी आपला फेटा दिलता. तिथनं पुढं पांढराच फेटा बांधून हिंडले. तुमास्नी कधी बोलले?"

मला फेट्याचं ठाऊक होतं, त्यातला गुलाबी मीच काढला होता. पण मी आपणहून कुणाचं काही सांगत नाही.

मी तिला स्वच्छ सांगितलं. धुतला तर वास जाईल, निळा मात्र बिनघोर मिळेल. न धुता काढला तर नळ्या बुजतील, प्रिंटर बसेल, आणि हारुगल्याच्या मुलीच्या पत्रिका त्याच आठवड्यात छापायच्या होत्या.

"रंगासंगं वास बी निघून येतो का, आक्का?"

"माहीत नाही. न धुतलेलं मी आजवर घेतलेलंच नाही."

"म्हंजे शर्टातनं जाईल आन कागदावर बी येनार न्हाई, असं बी हुईल."

"होईल. मग तुझ्याकडे काहीच राहायचं नाही."

ती माझ्या ताटांकडे बघत बसली. शर्ट मांडीवर होता. तिने कॉलर सरळ केली, खिशावरची सुरकुती अंगठ्याने मोडली.

"काढा," ती म्हणाली.

आता मी कुणासाठी नियम मोडत नाही. मी उठले आणि फडताळातून पाचवं ताट आणलं. नियम चार ताटांचे होते. पाचव्याचा नियम मी उभ्या उभ्या केला: इथे न धुतलेलं, आणि ते दुसऱ्या कशात मिसळायचं नाही, निळ्यातही नाही. एक रिकामी कार्ट्रिज होती, ती त्यात ठेवली. नवी सिरिंज काढली. तिला दोरा लावायला तसल्या रंगाचा सापडेना, तेव्हा मालनने शर्टाच्या शिवणीतलाच एक उसवून दिला.

मळ गाळला जावा म्हणून मलमलीची चौघडी घालून मी कॉलरपासून सुरुवात केली. निळा वरून खाली उतरत गेला, आधी खांदे पांढरे झाले, मग बाह्या, शेवटी खिसा. कार्ट्रिजच्या भोकातून थेंब थेंब आतल्या स्पंजात सोडला, कारण घाई केली की स्पंज पीत नाही, सगळं बाहेर येतं. टेप लावून झाल्यावर मालनने शर्ट तोंडाशी नेला.

"कोऱ्या कापडाचा वास येतोय," ती म्हणाली, आणि शर्टाची घडी घालायला लागली. घडी जमेना.

मी कार्ट्रिज बसवली. प्रिंटर घरघरला, थांबला, परत घरघरला. फोटो डोक्याकडून येऊ लागला. केस आले, कपाळ, मिशी. कॉलरची पहिली पट्टी आली आणि खोलीत ग्रीस, तंबाखू आणि डेपोतून दमून आलेल्या माणसाचा घाम, असं सगळं एकदम आलं.

दिनकर दाराकडे वळला. "दादा, चपला भाईर काढ," म्हणाला, आणि मग आपला खाली बसला.

फोटो वर्षश्राद्धाला भिंतीवर लागला. पावणे आले, आणि खरोखर हुंगून गेले.

नळ्या बुजल्या नाहीत, पण वास धरून बसल्या. हारुगल्याच्या पत्रिकांना ग्रीसचा वास आला आणि व्याही विचारायला आले. मी म्हटलं, "कुराडे आहेत. लग्नाला आले असते तरी असाच वास आला असता." त्यांना ते पटलं. एक जागा मोकळी ठेवली त्यांनी पंगतीत.

कार्ट्रिजमध्ये निळा उरला होता. मालनला वाटलं, तो आता तसाच जपून ठेवायचा. तसं होत नाही, हे मलाच तिला सांगावं लागलं. वापरात नसलेली शाई स्पंजात वाळून जाते. टिकवायची तर अधूनमधून खर्चावी लागते, थोडी का होईना.

"किती थोडी?"

"एक रेघ."

तेव्हापासून दर रविवारी ती येते. मी तिची कार्ट्रिज पाचव्या ताटातून उचलते, बसवते, कोऱ्या कागदावर एक निळी रेघ ओढते. ती कागदाची तेवढी पट्टी कापून नेते. पांढरा शर्ट अजून खुंटीलाच आहे; त्याच्या खिशात ठेवते. खिसा आता चांगला फुगलाय.

परवाच्या रविवारी रेघ फिकी आली, शेवटाला तुटक. मी काही म्हटलं नाही. भरताना बोलायचं नाही हा नियम रेघेलाही लागू आहे, असं मी तेव्हा ठरवलं. मालनने पट्टी खिडकीपाशी नेऊन बघितली, मग नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"चालतंय, आक्का," ती म्हणाली. "शर्ट बी धुऊन धुऊन एव्हाना असाच झाला असता."

मी कार्ट्रिज पुसली, भोकावर नवी टेप लावली आणि पाचव्या ताटात ठेवली.