बांधावरची परीक्षा

मारुतीची घंटा वाजवायला दत्तोपंतांनी मान वर केली आणि देऊळ गरगर फिरलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी शेजारच्या नामाच्या गळ्यात हात टाकला. कशेळ्याजवळच्या त्या गावात, सभेच्या दिवशी, दारूबंदी समितीच्या अध्यक्षांना हे शोभलं नाही.

"पंत, काय झालं?"

"जमीन हलली रे."

"आमच्या पायाखालची नाय हलली," नामा म्हणाला. त्याने पंतांचं तोंड हुंगलं. "वास तर नाय."

"शिकलेला मानूस हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "बिनवासाची घेत आसंल."

प्यायलेला ओळखायची रीत खुद्द पंतांनीच घालून दिली होती. संशयिताने देवळामागच्या बांधावरून सरळ चालून दाखवायचं. शेतात पडला, तर मारुतीपुढे नारळ फोडून माफी मागायची. गेल्या भातलावणीत गावातला सखा पडला होता. "प्यालो नाय पंत, भोवंडतंय," असं तो काकुळतीने सांगत राहिला. पंतांनी ऐकलं नाही, नारळ फोडायला लावलाच.

"चला मंग," नामा म्हणाला. "तुमचाच नियम हाय."

पंत निघाले. निम्मा बांध नीट पार पडला. तेवढ्यात मागून नामा ओरडला, "सांभाळून हां, पंत!" त्यांनी वळून पाहिलं आणि धुतलेल्या धोतरासकट ते चिखलात बसले. कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

कर्जतच्या डॉक्टरांनी त्यांची मान वळवून त्यांना झटकन आडवं केलं आणि डोळ्यांत पाहिलं. "भोवळ आहे. तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात असतो, तिथे बिघाड झालाय. हृदय, रक्तदाब ठीक आहेत. गोळ्या घ्या, मान झटक्याने वळवू नका. हळूहळू ओसरेल."

"म्हणजे न पिताही माणूस बांधावरून पडू शकतो?"

"सहज."

पंतांचा चेहरा उतरला. त्यांना सखा आठवला.

पुढच्या सभेत, मान ताठ धरून, ते सखापुढे उभे राहिले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "सखा, चुकलो रे. तुला कानाचा आजार होता. मलाही तोच झालाय."

सखा उठला. त्याने पंतांचे जोडलेले हात सोडवले.

"पंत, मला लाजवू नका. मी तवा खोटं बोललो व्हतो. प्यालोच व्हतो." मग त्याने आवाज उतरवला, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. "तुमीबी नारळ फोडून टाका. मोकळं वाटतं."

नामाने नारळ आणलाच होता. पंतांनी तो मुकाट्याने फोडला. मान वर करायची नव्हती, म्हणून घंटा त्यांच्या वतीने सखाने वाजवली.